हाइकेबाईंच्या निबंधातला एक शब्द

मास्तर निवृत्त झाला म्हणजे तपासायच्या वह्या संपल्या, असं लोकांना वाटतं. मलाही वाटलं होतं. कारंजा लाडच्या एका हायस्कुलात मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. खरं तर शिकवलं कमी, तपासलं जास्त. शिकवण्याला पस्तीस मिनिटांचा तास असतो. तपासण्याला तास नसतो. मी वह्या एसटीत तपासल्या, लग्नाच्या मांडवात तपासल्या, आणि एकदा तर दवाखान्यात बायकोच्या सलाइनची बाटली संपायची वाट पाहत तपासल्या. निवृत्तीच्या दिवशी हारतुरे झाले, भाषणं झाली, आणि मी घरी येऊन लाल पेनांचा अख्खा डबा शेजाऱ्याच्या नातीला देऊन टाकला.

मग वाशीमला राहायला आलो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. सकाळी फिरणं, दुपारी झोप, रविवारी विहारात पोरांना थोडं इंग्रजी. बाकी वेळ मी पेपरातल्या जाहिरातींच्या चुका काढत बसायचो. आमची मुलगी प्रज्ञा पुण्याला असते. ती सुट्टीत आली तेव्हा तिनं ते पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, चुका काढल्याशिवाय तुम्हाला करमत नाहीच. मग ज्यांना काढून हव्यात त्यांच्या काढा."

असं करून मी पुन्हा त्याच कामाला लागलो. परदेशातली एक कंपनी आहे. जगभरातले लोक तिच्याकडं आपलं इंग्रजी लिखाण पाठवतात. कोणाला नोकरीचा अर्ज नीट करून हवा असतो, कोणाला कॉलेजचा निबंध. आमच्यासारखे तपासनीस आपापल्या घरी बसून ते दुरुस्त करतात. प्रज्ञानं जुना लॅपटॉप दिला, माझी परीक्षा झाली, आणि वाशीमच्या हिंगोली रस्त्याकडच्या एका खोलीत बसून मी सातासमुद्रापलीकडच्या लोकांची क्रियापदं सरळ करू लागलो.

बाहेरच्या माणसाला हे काम सोपं वाटतं. चूक दिसली, खोडली, बरोबर लिहिलं. तसं नसतं. तपासणाऱ्यानं लिहिणाऱ्याचा अर्थ बदलायचा नसतो. आपलं वाक्य त्यात घुसवायचं नसतं. कमीत कमी हात लावायचा, इतका कमी की माणसाला वाटलं पाहिजे, हे आपणच लिहिलंय, फक्त कोणीतरी इस्त्री केली. आणि कंपनीचा आणखी एक नियम होता. गिऱ्हाइकाशी ओळख वाढवायची नाही. आपलं नाव सांगायचं नाही, सही करायची नाही. त्यांच्यासाठी मी एक नंबर होतो.

तऱ्हेतऱ्हेचे लोक भेटले. एक गृहस्थ शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल तक्रारीचं पत्र तपासून घ्यायचे. आठवड्याला एक. पहिल्या पत्रात पन्नास चुका होत्या आणि सूर अगदी नम्र. माझ्या दुरुस्त्या वाचून वाचून त्यांची भाषा सुधारत गेली, तसा रागही वाढत गेला. शेवटच्या पत्रात एकही चूक नव्हती आणि एकही सभ्य शब्द नव्हता. एका बाईंनी होणाऱ्या सासूला लिहिलेलं पत्र चारदा पाठवलं. चौथ्यांदा मीच कंटाळून शेरा लिहिला, 'बाई, आता टपालात टाका.'

प्रत्येक भाषेच्या माणसाची चूक वेगळी असते. आईची भाषा इंग्रजीच्या खालून डोकावतेच. आपलं वऱ्हाडी पोरगं घरी म्हणतं, 'मले समजून राह्यलं'. म्हणून ते वर्गात उभं राहून सांगतं, 'आय ॲम अंडरस्टँडिंग, सर.' त्यात त्याचा काय दोष? जर्मन बोलणाऱ्यांचंही तसंच. त्यांच्या भाषेत 'मिळणे' या अर्थाचा एक शब्द ऐकायला इंग्रजीतल्या 'बिकम'सारखा आहे. त्यामुळं एका भल्या माणसानं मला लिहिलं होतं, 'वाढदिवसाला मी सायकल झालो.' दुसरं त्यांचं 'मस्ट नॉट'. इंग्रजीत याचा अर्थ करता कामा नये, मनाई आहे. जर्मन माणसाला म्हणायचं असतं, करायलाच हवं असं काही नाही. 'पाहुण्यांनी जेवू नये' आणि 'पाहुण्यांना जेवायचा आग्रह नाही' यात जेवढा फरक, तेवढा. अशा फसव्या शब्दांचं एक पानच मी वहीत करून ठेवलं होतं आणि ते मला पाठ होतं.

निदान मी तसं समजत होतो.

हाइकेबाईंचा निबंध आला तो मार्चमधल्या एका दुपारी. पंखा गरम हवा फिरवत होता, डोळे चुरचुरत होते, आणि त्या दिवशीचं ते माझं चौथं काम होतं. विषय होता, 'चांगलं शिकवणं म्हणजे काय'. तो वाचूनच मला थकवा आला. या विषयावरचे निबंध मी आयुष्यभर वाचले. शिक्षक दिवा असतो, शिक्षक माळी असतो, शिक्षक कुंभार असतो. शिक्षक कधी साधा माणूस नसतो.

हा निबंध निराळा निघाला. बाईंचं वय छप्पन्न. जर्मनीतल्या एका लहान शहरात त्या पाव-केकचा धंदा शिकणाऱ्यांना शिकवायच्या. शिकायला येणारेच कमी झाले म्हणून त्यांची शाळा बंद होणार होती. दुसऱ्या देशातल्या एका इंग्रजी शाळेत त्यांनी अर्ज केला होता आणि अर्जासोबत हा निबंध मागितला होता. वर त्यांनी मला सूचना लिहिली होती, 'कृपया चुका काढा, पण माझा आवाज राहू द्या.'

त्यांनी लिहिलं होतं की पहिले आठ दिवस त्या पुस्तक उघडत नाहीत. फक्त कणीक मळायला लावतात. कणीक तयार झाली की नाही हे पुस्तक सांगत नाही, तळहात सांगतो. पुढं लिहिलं होतं, 'चांगल्या शिक्षकाला सगळं माहीत असता कामा नये.' मी हसलो. माझा जुना मित्र 'मस्ट नॉट'. ते दुरुस्त केलं, 'सगळं माहीत असायलाच हवं असं नाही.' पुढं सरकलो.

तिसऱ्या परिच्छेदात एक माणूस आला. बेचाळीस वर्षांचा, लढाईतून जीव वाचवून बायकापोरांसह त्यांच्या देशात आलेला. पाव भाजणं त्याला बाईंपेक्षा चांगलं यायचं. त्याच्या गावी त्याची स्वतःची भट्टी होती. पण शिकल्याचा सरकारी कागद पाहिजे म्हणून तो विशीतल्या पोरांच्या बाकावर येऊन बसला होता. त्याला जर्मन लिहिता यायचं नाही. एक दिवस बाईंनी त्याला फळ्यावर उभं केलं आणि पिठांची नावं लिहायला सांगितली. त्यानं लिहिली. वर्ग हसला. बाईही हसल्या. त्यानं खडू ठेवला, हात ॲप्रनला पुसले आणि जागेवर जाऊन बसला.

आणि मग वाक्य होतं, 'इव्हेंच्युअली ही हॅज लेफ्ट द स्कूल बिकॉज ऑफ मी.' अखेर त्यानं माझ्यामुळं शाळा सोडली. त्यापुढं एवढंच, की तेव्हापासून मी कोणाला फळ्याजवळ बोलावत नाही.

मी क्रियापदाचा काळ तेवढा नीट केला. बाकी वाक्याला हात लावला नाही. उलट कंपनीचा नियम थोडा वाकवून बाजूला शेरा लिहिला, 'हे वाक्य लिहायला धैर्य लागतं. ते आहे तसंच राहू द्या.' आणि लॅपटॉप बंद करून बराच वेळ तसाच बसून राहिलो.

का बसलो, ते सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

कारंज्याच्या शाळेत माझा शनिवारचा शेवटचा तास प्रसिद्ध होता. आठवडाभराच्या वह्यांतली गमतीदार वाक्यं मी निवडून ठेवायचो आणि शनिवारी वर्गात वाचून दाखवायचो. मला नकला चांगल्या यायच्या. वर्ग हसून हसून लोळायचा. शेजारच्या तुकडीची पोरं खिडकीशी येऊन उभी राहायची. मुख्याध्यापक म्हणायचे, सर, तुमच्या तासाला पोरं इंग्रजीला भीत नाहीत. मला ते खरं वाटायचं. मी स्वतः खेड्यातून अमरावतीला कॉलेजात गेलो तेव्हा माझ्या 'मले-तुले'वर अख्खं होस्टेल हसलं होतं. ज्याच्यावर लोक हसलेले असतात, त्याला दुसऱ्यावर हसवण्याची विद्या लवकर येते. त्या वेळी मी तिला शिकवण्याची हातोटी म्हणत होतो.

नववीत शाहीन नावाची मुलगी होती. वडील सलीमभाई बाजार समितीत हमाल. मुलगी गप्प, अक्षर मोत्यासारखं. 'माझे वडील' या निबंधात तिनं लिहिलं, 'माय फादर इज अ हेवी मॅन. ही इज लिफ्टिंग द फुल मार्केट.' तिला म्हणायचं होतं, माझे वडील जड ओझी उचलतात, सगळा बाजार तेच उचलतात. मी ते शनिवारी वाचलं. नुसतं वाचलं नाही, पोट पुढं काढून, डुलत डुलत चालून दाखवलं. सलीमभाई तर काडीसारखे बारीक होते, आणि अर्ध्या वर्गाला ते ठाऊक होतं. त्यामुळं हसू आणखीच वाढलं. सोमवारपासून पोरं तिला 'हेवी मॅनची पोरगी' म्हणू लागली. त्याच आठवड्यात ती यायची बंद झाली. हजेरीत मी तीन आठवडे तिचं नाव घेतलं, मग नावावर रेघ ओढली. तिचं घर शाळेपासून दहा मिनिटांवर होतं. मी गेलो नाही. एका ओळखीच्यानं सांगितलं, घरची काहीतरी अडचण आहे, आणि मी ते चटकन मानून टाकलं. शनिवारचा तास मात्र मी हळूहळू बंद केला. कोणी विचारलं की सांगायचो, पोर्शन उरलाय.

म्हणजे बाईंचं ते वाक्य मी तपासनीस म्हणून वाचलंच नव्हतं.

दहा-बारा दिवसांनी कंपनीच्या पानावर बाईंचा निरोप आला. मुलाखत झाली होती. मुलाखत घेणाऱ्यांनी निबंधातलं तेच वाक्य त्यांच्यासमोर ठेवलं. एक शिकणारा माणूस तुमच्यामुळं शाळा सोडून गेला, असं तुम्ही स्वतःच लिहिता. त्या प्रकरणाची कुठं चौकशी झाली होती का? बाई गोंधळून गेल्या. त्यांनी मला लिहिलं होतं, 'मी असं लिहिलंच नव्हतं. आमच्या भाषेत तसा शब्द आहे, त्याचा अर्थ कदाचित. मी लिहिलं होतं, कदाचित तो माझ्यामुळं गेला असेल. ते मला आजही माहीत नाही. तुम्ही बाकी सगळ्या चुका काढल्या. हीच तेवढी का ठेवली? आणि वर धैर्याबद्दल शाबासकी दिली. कशाचं धैर्य?'

मी वहीतलं ते फसव्या शब्दांचं पान उघडलं. सातव्या ओळीवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'इव्हेंच्युअली: जर्मन माणसाला म्हणायचं असतं कदाचित. इंग्रजीत अर्थ होतो अखेर.'

आमच्या घरची मंडळी, कुसुम, चहा घेऊन आली. तिनं माझं तोंड पाहिलं.

"काय झालं? डोळे दुखून राह्यले का?"

मी तिला सगळं सांगितलं. तिला इंग्रजी फारसं येत नाही, पण गोष्ट तिच्या पटकन ध्यानात येते.

"मंग तुमी काहून नाई पकडलं? तुमच्या त पानावर होतं न लिवलेलं."

"मला ते चूक वाटलंच नाही."

"काहून?"

मी वही मिटली. ती म्हणाली, "त्या हमालाच्या पोरीपायी न?"

शाहीनची गोष्ट मी तिला एकदाच, फार वर्षांपूर्वी सांगितली होती. एकदाच सांगितलेलं बायका कुठं ठेवतात कोण जाणे.

त्या संध्याकाळी मी एक पत्र लिहिलं. निबंध तपासणारा मी. अमुक जर्मन शब्दाचा अर्थ अमुक, आणि इंग्रजीतला दिसायला तसाच शब्द निराळा. ही चूक पकडणं माझं काम होतं, ते मी केलं नाही, लिहिणाऱ्या बाईंचा यात दोष नाही. खाली पूर्ण नाव, निवृत्त शिक्षक, वाशीम, माझा ईमेलचा पत्ता, आणि सही. ते कंपनीच्याच पानावरून बाईंना पाठवलं आणि लिहिलं, हे त्या शाळेला दाखवा.

चार दिवसांत कंपनीनं माझं खातं बंद केलं. नियम मोडला होता, त्यांची चूक नव्हती. प्रज्ञा फोनवर चिडली. "बाबा, सही कशाला करायची? निनावी माफी मागता आली असती ना?"

"निनावी माफी म्हणजे काय असतं ग?" मी विचारलं. ती म्हणाली, "जेवलात का?"

काम गेल्याचं मला फार वाईट वाटलं नाही. दुपारी झोप येऊ लागली. पण पत्राचं पुढं काय झालं ते कळत नव्हतं, आणि ते डोक्यातून जात नव्हतं. महिन्यानं बाईंचा ईमेल आला. आता मध्ये कंपनी नव्हती, दुरुस्ती नव्हती, सगळ्या चुका जागच्या जागी होत्या.

माझं पत्र पाहून शाळेनं त्यांना पुन्हा बोलावलं होतं. या वेळी सगळे नीट बोलले. शब्दाचा घोळ त्यांना पटला. मग त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी शांतपणे विचारलं, 'म्हणजे तुम्ही कदाचित म्हणता. मग तुम्ही त्या माणसाला कधी विचारलं का?' हाइकेबाईंनी लिहिलं होतं, 'नाही, असं मला सांगावं लागलं. नोकरी दुसऱ्या कोणाला मिळाली. पण तो प्रश्न योग्य होता. मी तुमच्यावर रागावलेली नाही. आमच्या गावच्या भट्टीवाल्यांकडं मी त्याचा पत्ता काढते आहे. ही मस्ट नॉट फर्गिव्ह मी. आय ओन्ली वाँट टू आस्क.'

कोणी सरळ इंग्रज वाचला असता तर त्याला वाटलं असतं, बाई म्हणतात, त्यानं मला माफ करता कामा नये. मला बरोबर कळलं. त्यानं माफ करायलाच हवं असं नाही. मला फक्त विचारायचं आहे.

मी ते कुसुमला मराठीत सांगितलं. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ते तिकडची बाई परदेशी माणसाले शोधून राह्यली. तुमची त कारंज्यातच असन. मंगरूळवरून दोन तासाचा रस्ता हाय."

दुसऱ्या दिवशी मी सकाळची एसटी धरली. मंगरूळपीरला गाडी बदलली. कारंज्यात उतरून आधी बाजार समितीत गेलो. तिथं जुने हमाल दोनच उरले होते. त्यांतल्या एकानं मला ओळखलं. "सलीमभाईची शाहीन? तिचं दुकान हाये न, सर. जैन मंदिराच्या मागच्या गल्लीत. फॉल-पिकोचं."

गल्ली सापडली. एवढंसं दुकान, एक शिलाई मशीन, एक पिकोची, भिंतीवर रंगारंगाच्या धाग्यांच्या रिळांची फळी. मशीनवर चाळिशीची बाई, डोक्यावर ओढणी, नाकावर चष्मा. तिनं पाय थांबवून वर पाहिलं. मी मनाशी वाक्यं जुळवत आलो होतो, ती सगळी विसरलो.

"सर?" ती म्हणाली. "सरच न? या न, बसा. चहा सांगू?"

मी स्टुलावर बसलो. तिनं माझ्या तब्येतीची चौकशी केली, मॅडमची केली. तिचा मुलगा अकोल्याला फार्मसीला आहे, मुलगी बारावीला. चहा आला. कप अर्धा झाल्यावर मी म्हटलं, "शाहीन, मी एक विचारायला आलोय. तू शाळा सोडली, ती माझ्यामुळं सोडली का?"

मशीनवरच्या साडीचा काठ तिनं सरळ केला.

"त्या निबंधापायी म्हणता का, सर?"

तिच्याही लक्षात होतं. "हो," मी म्हटलं.

"नाई. शाळा सुटली ते अब्बांपायी सुटली. त्याच हप्त्यात अब्बा ट्रकच्या फळीवरून पोत्यासकट खाली आले. कंबर गेली. अम्मी मजुरीले जाऊ लागली. मंग अब्बांजवळ कोण बसन? मी बसली."

खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं. एका माणसाची कंबर मोडली होती, हे ऐकून मला बरं वाटलं.

"पण सर," ती म्हणाली, "दिवाळीनंतर अब्बा उठून बसू लागले. मले म्हणे, बेटी, आता जाय तू शाळेत. मी पाहून घेतो माह्यं. दोन-तीन वेळा म्हणे. एक बार त अम्मीनं गणवेश धुऊन वाळू घातला. मी नाई गेली."

"का?"

"तुमी शनिवारी आणखी काई वाचलं असतं न."

तिच्या आवाजात राग नव्हता. गिऱ्हाइकाला साडी कधी मिळेल ते सांगावं तसं तिनं सांगितलं. "म्हणजे आधी अब्बांपायी, आन मंग तुमच्यापायी. तुमी विचारलं म्हणून सांगून राह्यली. नाई त मी कोणाले बोलली नाई कधी."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"शाहीन, तुला काय म्हणायचं होतं ते मला तेव्हाच कळलं होतं. चूक होती, पण अर्थ कळला होता. कळूनही मी हसवलं."

"मले ठाऊक हाये," ती म्हणाली. "तुमी वाचताना मधात थांबले होते. थोडंसंच. मले वाटलं, आता सर मुकाट्यानं पान पलटवतीन. मी पाहून राह्यली होती न तुमच्याकडं."

वर्गातल्या त्या क्षणाचा मी या सगळ्या वर्षांत कधी विचारच केला नव्हता. मी थांबलो होतो, हे मलाच माहीत नव्हतं. साठ पोरांत एकीला दिसलं होतं.

"माफ कर म्हणायला तोंड नाही," मी म्हटलं. "पण म्हणतो. माफ कर मला."

ती मशीनच्या चाकावर हात ठेवून बसली होती. "अब्बा गेले, सर. चार वर्षं झाले. तो निबंध मी त्यांलेच वाचून दाखवाले लिवला होता. इंग्रजी काई त्यांले समजत नव्हतं. पण आपल्यावर पोरीनं इंग्रजीत लिवलं म्हणून आयकत बसले असते." मग म्हणाली, "वही तुमच्याकडंच राह्यली होती."

तिनं माफ केलं की नाही, ते सांगितलं नाही. मीही पुन्हा विचारलं नाही.

तेवढ्यात एक बाई घाईघाईनं दुकानात आल्या. हातात नवी साडी, संध्याकाळी लग्नाला जायचं, फॉल आत्ताच लावून पाहिजे. शाहीननं साडी हातात घेतली, रंगाला जुळणारं रीळ फळीवरून काढलं आणि दोऱ्याचं टोक दातानं तोडून सुईत ओवलं. मी उठलो. हात जोडले. तीही उभी राहिली. त्या बाईंनी माझ्याकडं कोण हे म्हणून पाहिलं.

"आमचे इंग्रजीचे सर हायेत," शाहीन म्हणाली. "वाशीमवरून आले."

"असं का?" बाई कौतुकानं म्हणाल्या. "चांगलं शिकवत होते का?"

मी पायरी उतरत होतो. मशीन सुरू व्हायच्या आधी मला तिचा आवाज ऐकू आला.

"शिकवत त चांगलं होते."